मनी प्लांट खाली सोडू नका, वर चढवा

उंचावरच्या कुंडीतून खाली सोडलेली मनी प्लांटची वेल एकदा नीट निरखून पाहा. कुंडीपाशी पानं तळहाताएवढी असतात. खाली खाली यावं तशी ती लहान होत जातात, दोन पानांमधलं अंतर वाढत जातं, आणि शेवटी नुसती दोरी उरते, तिला इथेतिथे चिकटलेली चार-पाच सेंटिमीटरची पानं. मग खत बदललं जातं, कुंडी बदलली जाते, पाणी वाढवलं जातं. यातलं काहीच लागू पडत नाही, कारण वेल आजारी नसतेच. लोंबणारी वेल अशीच वाढते. आधार सापडेपर्यंत पानांवर खर्च करायचा नाही, लांबी वाढवत शोध घेत राहायचं, हा तिचा स्वभाव आहे.

हिचं शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. मूळ घर दक्षिण प्रशांत महासागरातलं मोओरिया बेट, ताहितीच्या शेजारचं. मोकळ्यावर ही वेल जमिनीवरून सरपटते, झाडाचं खोड लागलं की मुळांनी ते धरते आणि वर निघते. उजेडात पोचलेल्या वेलीचं एकेक पान मीटरभर लांब आणि ४५ सेंटिमीटरपर्यंत रुंद होऊ शकतं. कडेपासून मधल्या शिरेकडे त्याला लांब चिरा पडतात आणि खोडाची जाडी चार सेंटिमीटरपर्यंत जाते. मोठ्या झाडावर चढलेली अशी वेल पाहून ती घरातलीच मनी प्लांट आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. जात मात्र तीच. फरक आहे तो वयाचा आणि आधाराचा. आपण घरात वर्षानुवर्षं सांभाळतो ती या वेलीची बालपणीची अवस्था असते.

१८८० मध्ये तिला पोथॉस ऑरियस असं नाव मिळालं, म्हणून आजही अनेक जण तिला पोथॉस म्हणतात. आताचं नाव १९६४ चं. नावाचा एवढा घोळ होण्याचं मोठं कारण म्हणजे ही वेल फुलतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि या कुळातल्या वनस्पती ओळखायच्या त्या फुलांवरून. न फुलण्याचं कारण २०१६ मध्ये उलगडलं. फुलोऱ्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक बनवण्याच्या साखळीतलं एक जनुक तिच्यात काम करत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारलं की फुलं येतात. फूल नाही म्हणजे बी नाही. त्यामुळे घरोघरची प्रत्येक मनी प्लांट ही दुसऱ्या कुठल्यातरी वेलीचा तोडलेला तुकडा आहे, आणि त्या तुकड्यात महत्त्वाचं असतं ते पेर.

पेर जवळून पाहताना

खोडावर बोट फिरवलं की ठरावीक अंतरावर एक कंगोरा लागतो. ते पेर. दोन पेरांमधला गुळगुळीत भाग म्हणजे कांडं. पेराच्या एका बाजूने पानाचा देठ निघतो, आणि देठाच्या बगलेत, सालीला चिकटून, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान डोळा असतो. शेंडा कापला की नवी फांदी या डोळ्यातूनच येते. आता खोड उलटं करा. देठाच्या विरुद्ध अंगाला तपकिरी रंगाची एक-दोन टोकदार गाठोडी दिसतील, दोन-तीन मिलिमीटर उंचीची. ही मुळांची सुरुवात. हवा कोरडी असेल तर ती वर्षभर तशीच टणक राहतात. ओल्या पृष्ठभागाला टेकली की आठ-दहा दिवसांत टोक पांढरट होतं, पुढे सरकतं आणि आत शिरतं.

म्हणजे या वेलीला पोट आणि पाठ आहे. पानं उजेडाकडे झुकतात, मुळं उजेडापासून दूर, आधाराच्या सावलीकडे जातात. तिच्या कुळातल्या एका मॉन्स्टेराची रोपं तर जमिनीवरून थेट काळोखाकडे, म्हणजे जवळच्या जाड खोडाच्या सावलीकडे, सरपटत जातात. कोस्टा रिकाच्या जंगलातलं हे निरीक्षण १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं. काळोख म्हणजे झाड आणि झाड म्हणजे वर जाण्याचा रस्ता.

पान मोठं होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: खोड उभं हवं, पेरापेराची मुळं ओल्या आधारात रुतलेली हवीत, आणि उजेड भरपूर हवा. नुसतं काठीला बांधून उभं केलं तर पानं थोडी सुधारतात आणि थांबतात. मुळं खांबात शिरली की प्रत्येक पेर स्वतःचं पाणी आणि खत जागच्या जागी ओढू लागतं, आणि मग दर तीन-चार पानांमागे आकार वाढलेला स्पष्ट दिसतो. हे काम कुंडीतल्या मुळांच्या एकट्याच्या बळावर होत नाही.

खांब

बाजारात मिळणारा तयार खांब म्हणजे बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा पाइप आणि त्यावर गुंडाळलेला काथ्याचा पातळ थर. पाणी ओतलं की ते थेट खाली उतरतं आणि तासाभरात वरचा भाग कोरडा. मुळं त्याला चिकटतात, पण आत जायला तिथे काही नसतंच. वेल सरळ ठेवायला तो पुरतो. मोठी पानं हवी असतील तर जाळीत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं, वाळवलेलं शेवाळ) भरून खांब घरी करावा. हे काम एका दुपारचं आहे.

एक ते दीड सेंटिमीटर भोकांची, प्लॅस्टिकचा मुलामा असलेली किंवा प्लॅस्टिकची ताठ जाळी घ्या. भोकं यापेक्षा लहान असतील तर जाड झालेलं मूळ त्यात आवळलं जातं आणि पुढे खांब सोडवताना तुटतं. जाळीची ३० सेंटिमीटर रुंद पट्टी कापून गोल वळवा, कडा दोन सेंटिमीटर एकमेकींवर येऊ द्या, दर दहा सेंटिमीटरला प्लॅस्टिकच्या बंधाने आवळा. साधारण नऊ सेंटिमीटर व्यासाचा नळा तयार होतो. बारीक खांब करायचा मोह टाळा. चार-पाच सेंटिमीटरचा खांब एका दिवसात वाळतो आणि तो ओला ठेवता ठेवता माणूस थकतो.

साठ सेंटिमीटर उंचीला शंभर ग्रॅमच्या आसपास कोरडं मॉस लागतं. ते अर्धा तास पाण्यात भिजवा, मग मुठीत दाबून पाणी काढा, थेंब थांबेपर्यंत. नळ्यात आधी एक ताठ काठी उभी करा, कुंडीच्या तळापर्यंत पोचणारी. मग दहा-दहा सेंटिमीटरचे थर भरत या. किती दाबायचं? भरलेल्या मॉसमध्ये बोट दुसऱ्या सांध्यापर्यंत सहज जायला हवं, पण बोट काढल्यावर भोक तसंच राहता कामा नये. सैल भरलं तर महिन्याभरात मॉस बसतं आणि वर पोकळी होते. फार ठासलं तर आत हवा राहत नाही, मॉस काळं पडतं, त्याला आंबूस वास येतो आणि आत गेलेली मुळं कुजतात. कुंडीतल्या मिश्रणात गाडला जाणारा खालचा भाग मॉसने भरू नका, तिथे झाडाच्या सालीचे तुकडे किंवा परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे) घाला. गाडलेलं मॉस सतत चिंब राहतं आणि सड तिथूनच सुरू होते.

वेल ज्या बाजूने चढणार नाही, त्या मागच्या अर्ध्या भागावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद लावला तर खांब निम्म्या वेगाने वाळतो. छोटी युक्ती आहे, पण माझ्या मते कोरड्या हवेत हिच्याशिवाय खांब सांभाळणं कठीणच.

खांब नेहमी कुंडी भरतानाच बसवायचा. आधी खांब, मग रोप, मग मिश्रण. नंतर खुपसलेला खांब मुळं तोडतो आणि डुगडुगत राहतो. ओला खांब जड असतो, वर मोठी पानं एका बाजूला येतात, त्यामुळे हलकी कुंडी हमखास कलंडते. अशी कुंडी बाहेरच्या जड कुंडीत ठेवून मधल्या फटीत दगड भरा. दगड कुंडीच्या आत तळाशी घालू नका. त्याने निचरा सुधारत नाही. पाणी बारीक कणांतून जाड दगडांत सहज उतरत नाही, ते दगडांच्या वर अडून राहतं, आणि मुळांचा ओला पट्टा उलट वर सरकतो.

जाळी-मॉस नको असेल तर खडबडीत, रंग किंवा रसायन न लावलेली लाकडी फळी चालते, दहा ते पंधरा सेंटिमीटर रुंद. वेल तिला छान चिकटते. फळी पाणी धरत नाही, म्हणून पानं खांबावरच्याइतकी वाढत नाहीत, आणि मातीलगतचा भाग काही वर्षांत कुजतो.

कुठला तुकडा लावायचा

जुनी लांब वेल उचलून खांबाभोवती गुंडाळायची, हे सगळेच करून पाहतात. त्यातून फारसं निघत नाही. एकदा पूर्ण उलगडून कडक झालेलं पान पुढे मोठं होत नाही. लांबलेलं कांडंही आखडत नाही. शिवाय गुंडाळताना निम्म्या पेरांची पाठ बाहेरच्या बाजूला येते आणि त्यांच्या मुळांना खांब सापडतच नाही. सरळ टोकाकडचा जोमदार तुकडा घ्या, तीन-चार पेरांचा, आणि नव्याने सुरुवात करा.

कात्री स्पिरिटने पुसून पेराच्या एक सेंटिमीटर खाली कापा. सर्वांत खालचं पान देठासकट काढा, कारण ते पेर ओलीत जाणार आहे. काप तास-दोन तास हवेत सुकू द्या. मग ओलसर मॉस भरलेल्या झाकणाच्या डब्यात पेर टेकवून ठेवा, २४ ते २८ अंशांत, उजेडात पण थेट उन्हात नाही. दहा ते पंधरा दिवसांत मुळं येतात. पाण्याच्या ग्लासातही येतात, पाणी चार-पाच दिवसांनी बदलत राहायचं. फक्त पाण्यात मुळं फार लांब होऊ देऊ नका. पाण्यात वाढलेलं मूळ ठिसूळ असतं, मिश्रणात गेल्यावर त्याला नव्याने जुळवून घ्यावं लागतं आणि रोप दोन-तीन आठवडे थबकतं. चार-पाच सेंटिमीटरचं मूळ झालं की लावून टाका. पेर नसलेलं, नुसतं देठाचं पान पाण्यात महिनोन्महिने हिरवं राहतं, त्याला मुळंही फुटतात, पण डोळाच नसल्याने त्यातून वेल कधीच निघत नाही.

एका खांबाला एक तुकडा, फार तर दोन. चार-पाच लावले तर खांब लवकर भरलेला दिसतो, पण पानं एकमेकांना झाकतात आणि सगळीच मध्यम राहतात. मला विचाराल तर एकच.

बांधताना पाठ खांबाकडे, पेर मॉसला टेकलेलं. बांधायचं ते खोडाला, पेराच्या किंचित वर, सेंटिमीटरभर रुंद सुती पट्टीने किंवा वेल्क्रोने. तार किंवा बारीक दोरा नको, खोड जाड होताना तो आत रुततो. आणि देठ कधीही बांधू नका. पानाला उजेडाकडे वळायला देठ मोकळा लागतो. तो बांधला की पान वाकडं राहतं, कधी देठाच्या मुळाशी पिवळं पडतं. मुळं आत शिरली की पट्टी सोडवायची. बोटाने खोड हळूच ओढून पाहा, हललं नाही तर पकड बसली.

कुंडी कशी ठेवायची हा पुढचा प्रश्न. वेल खिडकीच्या बाजूला, खांब तिच्या मागे. अशाने पानं उजेडाकडे आणि मुळं सावलीकडे, दोन्हींची दिशा जुळते. खांब मध्ये आला तर वेल त्याला सोडून बाहेर झेपावते. इतर झाडांना दर आठवड्याला कुंडी फिरवावी असं सांगतात, ते इथे विसरा. फिरवलं की पानं पुन्हा वळण्यात दिवस घालवतात आणि अर्धवट रुतलेली मुळं सुटतात.

उजेड

मनी प्लांट अंधारात वाढते ही समजूत वेलीच्या चिवटपणातून आलेली आहे. पाचशे-हजार लक्सवर (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ती जगते, एवढंच. पानं मोठी व्हायला दिवसातले बरेच तास आठ ते पंधरा हजार लक्स मिळायला हवेत. फोनवरचं लक्स मोजणारं अॅप अगदी अचूक नसतं, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं, आणि ती तुलना पाहून धक्का बसतो. खिडकीपासून दोन मीटर आत आलं की उजेड अनेकदा पाव भागाहूनही कमी होतो, आपल्या डोळ्यांना ते कळतही नाही. अॅप नसेल तर पांढऱ्या कागदावर ३० सेंटिमीटर उंचीवर हात धरा. सावलीची कडा मऊ, पण बोटं वेगळी ओळखू येत असतील तर जागा चांगली. सावली नुसता पुसट डाग असेल तर जागा बदला किंवा दिवा लावा. पांढऱ्या प्रकाशाचा २० ते ३० वॅटचा एलईडी दिवा पानांपासून ३० सेंटिमीटरवर, रोज १२ तास, हे पुरतं.

सकाळचं कोवळं ऊन चालतं. दुपारचं थेट ऊन काही तासांत पान भाजतं. फिकट, कागदासारखा कोरडा डाग पडतो, तो भरून येत नाही. मार्बल क्वीन, एन-जॉय यांसारख्या पांढऱ्या ठिपक्यांच्या प्रकारांत पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग आधी भाजतो आणि एकूण वाढही सावकाश होते. उजेड कमी पडला की नवी पानं हिरवीगार येऊ लागतात. अशा वेळी उजेड वाढवा, आणि रंग चांगला असलेल्या शेवटच्या पानाच्या वर छाटा. नवी फांदी त्या पेरातून येते आणि बहुधा त्याच रंगाची येते.

मिश्रण, पाणी, खत

या वेलीच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सालीचे किंवा नारळाच्या सोडणाचे एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे दोन भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, परलाइट एक भाग, गांडूळखत अर्धा भाग. कोकोपीटमध्ये मीठ असू शकतं, म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्या. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच मोठी असावी. मोठ्या कुंडीत मुळं पोचलेलीच नसतात, तिथलं मिश्रण आठवडाभर ओलं राहतं.

पाणी वारावर घालू नका. वरचं तीन-चार सेंटिमीटर कोरडं झालं की घाला, आणि घालाल तेव्हा तळातून वाहीपर्यंत घाला. पंधरा-वीस मिनिटांनी ताटलीतलं पाणी ओता. पाणी घातल्यावर कुंडी एकदा उचलून वजन हाताला लक्षात ठेवा, आठवड्याभरात बोट घालायचीही गरज उरत नाही.

खांबाचं पाणी वेगळं धरायचं. कुंडी कोरडी होऊ द्यायची असते, खांब नाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडून ती खांबाच्या माथ्यावर उलटी ठेवा, पाणी तासभर झिरपत उतरेल. हवेनुसार दोन ते चार दिवसांनी एकदा. मॉस फिकट दिसू लागलं की ते वाळलंय. पूर्ण वाळलेलं मॉस पाणी घेत नाही, कडेने सोडून देतं. तेव्हा अर्ध्या तासाच्या अंतराने तीन-चारदा थोडं थोडं द्या. जड, क्षारयुक्त पाण्याने खांबावर पांढरा थर चढतो आणि मुळांची टोकं तपकिरी होतात. पावसाचं किंवा आरओचं पाणी मिळत असेल तर ते खांबासाठी राखून ठेवा. कुंडीतल्या मुळांना एवढा फरक पडत नाही.

पानांवर रोज पाणी फवारल्याने आर्द्रता वाढते असं समजतात. ती दहा-पंधरा मिनिटं वाढते. ओला खांब स्वतःच पानांमागे सतत ओल सोडत असतो, ते जास्त उपयोगी.

खत विरघळणारं, वाढीच्या काळात दर पंधरा दिवसांनी, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान) असेल तर कुंडीला लिटरमागे एक ग्रॅम, खांबाला अर्धा ग्रॅम. मॉस खत धरून ठेवतं, म्हणून महिन्यातून एकदा साध्या पाण्याने खांब वरून खाली धुऊन काढा. नवं पान येणं थांबलं असेल, थंडी असेल, तर खत बंद.

तापमान १८ ते ३० अंश उत्तम. दहा-बारा अंशांच्या खाली पानांवर काळपट डाग येतात, ते अनेकदा थंडी ओसरल्यावर दोन-तीन दिवसांनी दिसतात आणि दोष पाण्याला दिला जातो.

बिघडलं तर

सर्वांत खालचं एखादं पान पिवळं पडून गळणं हे म्हातारपण आहे, सोडून द्या. एकाच आठवड्यात तीन-चार पिवळी पडली आणि मिश्रण ओलं असेल तर मुळं कुजताहेत. वेल मलूल दिसते, म्हणून पाणी घातलं जातं, आणि त्यानेच ती जाते. माती ओली असताना मान टाकलेल्या वेलीला पाणी देऊ नये, कुंडी उलटून पाहावं. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ दोन बोटांत धरून ओढलं की वरचं साल मोज्यासारखं निघून येतं आणि मधला दोरा हातात राहतो. असं सगळं कापून टाका, कुंडी धुवा, नवं मिश्रण थोडं ओलसर घ्या आणि पहिले चार-पाच दिवस पाणी देऊ नका. खांबावरच्या मुळांना ओल मिळत असेल तर वेल या काळात तगून राहते. अशा वेळी खांबाची किंमत कळते. खालचं सगळं गेलं तरी मुळं असलेल्या पेरांपासून वरची वेल वाचवता येते.

पानांची टोकं कुरकुरीत तपकिरी झाली तर पाणी अनियमित किंवा क्षार साचलेले. पाण्याने भिजल्यासारखा डाग आणि भोवती पिवळी कडा असेल तर तो जिवाणूंचा. पान काढून टाका, फवारणी थांबवा, हवा खेळती ठेवा. पहाटे पानाच्या टोकाशी थेंब दिसला तर घाबरू नका, मुळांनी जास्त ओढलेलं पाणी वेल असं बाहेर टाकते.

नवं पान आधीच्यापेक्षा लहान आलं, तर शेवटच्या दोन पेरांच्या पाठीकडे पाहा. मुळं खांबात शिरलेली नसतात, बहुतेक वेळा माथ्याचं मॉस वाळलेलं असतं.

किडींत सर्वांत चिकट पिठ्या ढेकूण. देठाच्या बगलेत कापसासारखे पुंजके दिसतात. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक पुसून काढा. लाल कोळी कोरड्या हवेत येतात, पान वरून बारीक ठिपक्यांनी फिकट होतं, खाली बारीक जाळं. पान दोन्हीकडून धुवा, त्यांना पाणी आवडत नाही. फुलकिड्यांनी खरवडलेल्या जागी चंदेरी ओरखडे आणि काळे ठिपके राहतात. ते अंडी पानाच्या आत घालतात, म्हणून एका फवारणीने संपत नाहीत. कडुनिंबाचं तेल लिटरमागे पाच मिलिलिटर आणि द्रवसाबण एक-दोन मिलिलिटर, आधी साबण तेलात घोळून मग पाणी, संध्याकाळी, पानांच्या खालून, आठवड्याच्या अंतराने किमान चार वेळा. ओल्या मॉसभोवती उडणारी बारीक चिलटं मोठ्या वेलीला सहसा इजा करत नाहीत. पिवळे चिकट कागद लावा आणि कुंडीचा वरचा थर वाळू द्या.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्या. पानांत आणि खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मांजर, कुत्रा किंवा लहान मुलाने चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, सूज येते. छाटताना रस लागून हात खाजतात, हातमोजे घाला. आणि छाटलेले तुकडे ओढ्याकाठी, जंगलात टाकू नका. उष्ण प्रदेशांत ते तिथेच रुजतात आणि झाडांवर चढून स्थानिक वनस्पतींना गुदमरवतात. अनेक देशांत ही वेल तण म्हणून त्रासदायक ठरली आहे.

माथ्याला पोचल्यावर

वेल खांबाच्या वर गेली की ती पुन्हा लोंबणार आणि तीन-चार पानांत पुन्हा लहान होणार. शेंडा माथ्याच्या वर दहा सेंटिमीटर जाण्याआधीच काहीतरी करायला हवं. एक मार्ग म्हणजे त्याच जाळीचा दुसरा नळा वर जोडणं, आतल्या काठीला काठी बांधून. मीटर-सव्वा मीटरपर्यंत हे जमतं. त्यापुढे माथ्यावर ओतलेलं पाणी खालपर्यंत समान उतरत नाही आणि कुंडी आवरत नाही.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो. वेलीच्या मध्यावर, दोन पेरांच्या मधल्या कांड्यात कापा. कापाच्या उंचीवर जाळी आणि काठीही कापून खांबाचे दोन भाग करा, वरच्या भागातली मुळं न हलवता. वरचा भाग मॉस-मुळांसकट नव्या कुंडीत रोवा, शक्यतो नव्या रिकाम्या खांबाला खेटून किंवा त्याच्यावर नवा नळा चढवून. मुळं आधीच असल्यामुळे हा भाग थांबत नाही, पुढचं पान मागच्याच मापाचं येतं, क्वचित थोडं लहान. खालचा खुंट तसाच ठेवा, त्याची पानं काढू नका, पाणी निम्मं करा, कारण प्यायला आता निम्मीच पानं आहेत. तीन ते पाच आठवड्यांत वरून पहिल्या किंवा दुसऱ्या पेराचा डोळा फुगतो, त्यावर हिरवं टोक दिसतं. पहिलं पान लहान येईल. ती फांदी पाच-सहा सेंटिमीटर झाली की लगेच तिची पाठ मॉसकडे वळवून पट्टीने धरा, कारण एवढ्या कोवळ्या खोडाला वळण देता येतं, नंतर ते मोडतं.